वारितर लोह

घोडेगावी माझ्या आजोळच्या वाड्याला भिंत लावून एका वृद्ध वैद्यांचे घर होते, आणि त्या घराच्या माजघरात, जेथे भर दुपारीही कंदिलावाचून खलाचा तळ दिसत नसे, मी वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी लोखंड पाण्यावर तरताना पाहिले. वैद्यबुवांनी शेणींच्या पुटातून काढलेले, पिकल्या जांभळाच्या रंगाचे लोहभस्म अंगठा व तर्जनीच्या चिमटीत धरले, पितळी वाटीतल्या स्तब्ध पाण्यावर ते अलगद भुरभुरले, आणि दुधावर धरावी तशी त्या पाण्यावर साय धरली. मग त्या सायीवर त्यांनी तांदळाचा एक दाणा ठेवला, तर तोही बुडाला नाही. वाटी हलवून पाहण्याचा मोह मला आवरला नाही व सारे भस्म तळाशी गेले, तेव्हा ते रागावले मात्र नाहीत. “पुन्हा घालू,” ते म्हणाले, “सात वेळा तेलात विझवलंय, सात वेळा ताकात. ते काय तुझ्या एका हिसक्यानं वाया जातंय होय?”

रसशास्त्राच्या ग्रंथांत या परीक्षेला ‘वारितर’ असे नाव आहे. लोखंडाचे पातळ पत्रे लाल होईतो तापवावेत, तिळाचे तेल, ताक, गोमूत्र, कांजी आणि कुळथाचा काढा यांत प्रत्येकी सात वेळा विझवावेत, त्यानंतर त्रिफळेच्या काढ्याचे संस्कार, त्यानंतर खल, त्यानंतर पुटांमागून पुटे, असा तो प्रदीर्घ क्रम आहे. आणि इतके सोसून अखेरीस जे उरते ते, आजच्या रसायनशास्त्राच्या परिभाषेत, बहुतांशी लोहाचे ऑक्साइड होय, म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याहून सुमारे पाचपट जड असा पदार्थ. तो बुडावयास हवा. तथापि त्याची पूड इतकी सूक्ष्म झालेली असते, आणि तिचा पृष्ठभाग पाण्याने इतका कष्टाने भिजतो, की पाण्याचा ताणलेला पापुद्रा तिला खाली सोडीत नाही.

खनिजशास्त्रातील एक विद्या नेमकी याच चमत्काराला राबवून घेते. दळलेले खनिज पाण्यात कालवून त्यात हवेचे बुडबुडे सोडावयाचे, ज्या कणांना पाण्याचा तिटकारा त्यांनी बुडबुड्याला बिलगून फेसाबरोबर वर यावयाचे, आणि ज्यांना पाणी प्रिय त्यांनी तळी राहावयाचे, अशी ही फेनप्लवनाची विद्या लोहाच्या ऑक्साइडांपुरती विसाव्या शतकाच्या मध्यावर रुजू झाली. आणि तिच्यातले जाणते लोक असे सांगतात की फेस उठण्यापूर्वीच्या पाच-दहा मिनिटांत, ज्यांना ते कंडिशनिंग म्हणतात व ज्यांना मराठीत पूर्वसंस्कार हेच नाव शोभेल, सारा निकाल लागून चुकलेला असतो. घोडेगावचे वैद्यबुवा फेनप्लवन जाणत होते, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. आपल्याकडे सारे काही आधीच होते असे सिद्ध करण्याची जी हौस अधूनमधून आपल्या विद्वानांना होते, तिचा मला कंटाळा आहे. मला दिसते ते एवढेच की, प्रांत जुन्नरच्या मुलखात दोन हजार वर्षे लोखंडाशी, त्याच्या गंजाशी आणि त्याच्या तांबड्या मातीशी ज्यांचा व्यवहार झाला, त्या प्रत्येकाची खरी विद्या भट्टी पेटण्याआधीच्या किंवा हौद भरण्याआधीच्या अवकाशात होती, आणि इतिहासाच्या दफ्तरात नेमकी तीच नोंदली गेलेली नाही.

प्रथम भूमीची हकीकत. पश्चिमेस नाणेघाट, दाऱ्याघाट, आहुपे आणि भीमाशंकर, पूर्वेस बोरी, बेल्हे व मंचरची सपाटी, आणि यांमधून वाहणाऱ्या कुकडी, पुष्पावती, मीना व घोड या नद्या, असा जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचा पसारा दरोबस्त एकाच काळ्या दगडावर उभा आहे. या बेसाल्टात लोहाच्या ऑक्साइडांचे प्रमाण शेकडा दहाहून अधिक भरते. पायाखालचा डोंगर असा लोखंडाने भरलेला असूनही या दोन तालुक्यांत लोखंडाची म्हणून एकही खाण नाही, याचे कारण असे की त्यातले बरेचसे लोह सिलिकेटांच्या घट्ट मिठीत आहे, आणि जे मोकळे आहे ते मॅग्नेटाइटाच्या बारीक कणांच्या रूपाने दगडात सर्वत्र विखुरलेले आहे. दगडातल्या या धनाची चाहूल दोन ठिकाणी लागते. लाव्हाच्या दोन थरांमध्ये घाटाच्या कापात विटकरी रंगाचा जो पट्टा दिसतो, तो लोहाच्या ऑक्साइडानेच रंगलेला असतो. आणि पावसाळा सरून नद्यांचे पाणी उतरले म्हणजे वळणावळणावर वाळूत काजळासारख्या काळ्या रेघा उमटतात.

त्या रेघांशी माझी जुनी ओळख आहे. मोडक्या लाउडस्पीकरातून काढलेले लोहचुंबक सुतळीला बांधून आम्ही पोरे मीनेच्या पात्रात ते फरफटत नेत असू, आणि थोड्याच वेळात त्याला साळिंदरासारखे काटे फुटत. ती काळी वाळू म्हणजे मुख्यतः मॅग्नेटाइट आणि त्याचा भाईबंद इल्मेनाइट. मॅग्नेटाइट पाण्याच्या पाचपटीहून किंचित जड, बेसाल्टाचे इतर चूर्ण सुमारे तिप्पट जड. एवढ्या फरकावर नदी आपली निवड करते, हलके पुढे नेते व जड जागच्या जागी ठेवते. सराफांच्या दुकानातील केर विकत घेऊन, तो पाण्यात हिंदकळून, त्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी पूर्वी गावोगाव असत. आमच्या नद्या म्हणजे लोखंडाच्या झारेकरीच. बोरी बुद्रुकजवळ कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा जो पांढुरका थर सापडला आहे, आणि जो सुमात्रा बेटावरील टोबा या ज्वालामुखीच्या कोणत्या उद्रेकाचा यावर विद्वानांत अद्याप वाद चालतो, तोही याच निवडीचा दुसरा पुरावा होय: हलकी काचमय राख संथ पाण्यात बसली आणि काळी वाळू धारेत.

परंतु वजनाच्या बळावर चालणाऱ्या या निवडीला एक मर्यादा आहे. कण फार सूक्ष्म झाले की जड काय आणि हलके काय, दोन्ही पाण्याबरोबर सारखीच वाहत जातात, आणि मग वजनाऐवजी त्यांच्या त्वचेकडे पाहावे लागते. ही गोष्ट पुढे येणारच आहे.

जुन्नरभोवतीच्या शिवनेरी, मानमोडी, गणेश लेणी व तुळजा लेणी या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक खोदकामे आहेत, आणि सातवाहनकाळी हे नगर किती नांदते होते याची साक्ष तेथील शिलालेख देतात. त्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, बांबूकाम करणाऱ्यांची आहे, काशाची भांडी घडविणाऱ्या कासारांची आहे. यवन म्हणविणारे दाते आहेत आणि क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम आहे. कर्नल साइक्सने हे लेख १८३७ साली विलायतेतील विद्वानांपुढे मांडले. मला या साऱ्या लेखांहून त्यांच्या भोवतीची भिंत अधिक बोलकी वाटते. काळ्या फत्तरात एक खोली कोरावयाची म्हणजे किती टाक्या बोथट झाल्या असतील, आणि प्रत्येक संध्याकाळी डोंगराच्या पायथ्याशी कोणी तरी भाता फुंकीत त्या टाक्यांना नवी धार लावून ‘पाणी’ दिले असेल! लोहाराच्या भाषेतला हा शब्द विचार करण्यासारखा आहे. टाकी घडविणे हे घणाचे काम. परंतु ती दगडावर टिकेल की पहिल्याच घावाला तिचे तोंड उडेल, हे तापलेल्या पोलादावर गवती रंग चढतो की जांभळा, आणि त्या क्षणी ते पाण्यात किती बुडवले जाते, यावर अवलंबून असते. टाकीवरचा पूर्वसंस्कार बिघडला तर मानमोडीचा डोंगर कोणाच्या भक्तीने उघडला नसता.

या लेखांपैकी एकात वीस निवर्तने जमीन करंजाची झाडे लावण्याकरिता दिल्याचा उल्लेख आहे. करंजाच्या तेलातील मेदाम्लांत ओलेइक आम्लाचा वाटा सर्वांत मोठा, आणि लोहाच्या ऑक्साइडाला पाण्याविषयी तिटकारा उत्पन्न करण्यासाठी आजचे रसायनज्ञ ज्या पदार्थाकडे प्रथम वळतात तो हाच. या योगायोगातून काही निष्पन्न होत नाही. दात्याला दिव्याचे तेल हवे असेल, किंवा नुसती सावली. तरी मानमोडीच्या वाटेवर करंज दिसला की मला तो लेख आठवतो खरा.

लोखंड येई कोठून, याचे उत्तर सह्याद्रीच्या माथ्याकडे बोट दाखवते. महाबळेश्वराच्या परिसरात जांभ्या दगडातून लोखंड गाळणारे धावड नावाचे लोक एकोणिसाव्या शतकापर्यंत आपला धंदा करीत होते. कोल्हापूर व रत्नागिरीच्या बाजूलाही जांभ्याच्या पठारांवर अशा भट्ट्या चालत. पुढे सरकारी जंगलखात्याने कोळशासाठी लाकूड तोडण्यावर बंदी घातली, विलायती लोखंडाच्या सळ्या बंदरांतून स्वस्तात येऊ लागल्या, आणि धावडांचा अंमल संपला. भट्टी केवढी, भाते किती, कोळसा किती जळे, हे तपशील इंग्रज अंमलदारांनी कौतुकाने टिपले, कारण ते मोजता येतात. परंतु जांभ्याचा एक खडा तळहातावर तोलून, त्याची ठिकरी फोडून, हा घ्यावा व तो टाकावा असे ठरविणारी धावडाची नजर कशावर खिळत होती, वजनावर, रंगावर, की फुटल्याच्या आवाजावर, हे कोणत्याही टिपणात येणे कठीण होते. खडा सुपारीएवढा फोडावा की आवळ्याएवढा, हे भट्टीतल्या वाऱ्याची वाट ठरविते. ओल्या खड्याने भट्टी थंडावते, मातीने माखलेल्या खड्याने मळी वाढते. आगीपूर्वीच्या या साऱ्या निवडानिवडीचे ज्ञान धावडांबरोबर गेले.

जुन्नरच्या ज्या उद्योगाने महाराष्ट्राच्या राज्यकारभाराला हातभार लावला, त्याचा लोखंडाशी संबंध वरवर पाहता काहीच नाही, आणि तरी माझ्या विषयाच्या गाभ्याशी मला तोच नेतो. जुन्नरी कागद म्हणजे जुन्या दफ्तरांतील एक प्रतिष्ठित नाव. हा कागद करणारे मुसलमान कागदी नदीच्या आसऱ्याने वस्ती करून राहत. फाटकी गोणपाटे, दोरखंडे, जाळी यांचे तुकडे करून ते भिजवावयाचे, चुन्याच्या निवळीत मुरवावयाचे, ढेंकीखाली कुटावयाचे, फडक्याच्या झोळीत घालून नदीच्या धारेत कमरेइतक्या पाण्यात उभे राहून धुवावयाचे, पुन्हा चुना व पापडखार लावून ढीग मुरत ठेवावयाचा, पुन्हा कुटावयाचे, पुन्हा धुवावयाचे. असे फेरे होता होता दिवसांमागून दिवस जात, आणि हौदातल्या लगद्यातून साच्यावर एक ताव उचलण्याचे काम मात्र निमिषार्धाचे असे. परक्या पाहुण्याला नेहमी तो ताव उचलण्याचा क्षण दाखविला जाई, आणि पाहुणा हाताच्या त्या लकबीचे वर्णन लिहून नेई. हे म्हणजे लग्नाला न जाता वरात पाहून सोयरिकीचे वर्णन लिहिण्यासारखेच झाले.

भिंतीवर वाळविलेला ताव अजून लिहिण्याजोगा नसे. त्यावर शाई ठेवली तर ती टिपकागदावर पसरावी तशी फुटे. म्हणून तांदळाची किंवा गव्हाच्या सत्त्वाची खळ शिजवून ती तावावर फिरवावयाची, ताव पुन्हा वाळवावयाचा, आणि गुळगुळीत दगडाने किंवा कवडीने तो घोटावयाचा. खळ कच्ची राहिली तर धरत नाही, गुठळी झाली तर ताव डागाळतो, जळली तर पिवळा पडतो. आणि घोटण्याची घाई केली तर सारा ताव फाटतो. पेशव्यांच्या दफ्तरात आज दोनअडीचशे वर्षांनंतरही मोडीच्या ओळी जेथे ताज्या काजळासारख्या उमटून दिसतात, तेथे बोरूइतकेच श्रेय कोणा कागद्याच्या घरातील खळ ढवळणाऱ्या हाताला आहे. गिरणीच्या कागदाने हा धंदा मोडला. १८८५ च्या सुमारास याच जिल्ह्यात, पुण्याजवळ मुंढव्याला, डेक्कन पेपर मिल उभी राहिली. पुढे कृ. ब. जोशी यांनी हातकागदाच्या पुनरुज्जीवनाचा ध्यास घेतला आणि १९४० साली पुण्यात त्यासाठी संस्था निघाली, तेव्हा त्यांना मागल्या कारागिरांच्या स्मृतीतून ही प्रक्रिया पुन्हा जुळवावी लागली होती.

आता या खळीचे आणि लोखंडाचे सोयरेपण सांगतो.

तेलकट धूळ पाण्यावर तरते, हे खाणीवरच्या माणसांना पूर्वीपासून ठाऊक होते. अमेरिकेत कॅरी एव्हर्सन या बाईंनी १८८६ साली तेल व आम्ल वापरून धातुक वेगळे करण्याचे पेटंट घेतले. त्या शाळामास्तरीण होत्या व खनिजाची तेलकट पोती धुताना त्यांना हे सुचले अशी एक गोड आख्यायिका प्रसिद्ध आहे, आणि बहुतेक गोड आख्यायिकांप्रमाणे ती खोटी आहे. पुढे ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिलच्या खाणींवर व इंग्लंडात, १९०० च्या मागेपुढे, हवेच्या बुडबुड्यांचे महत्त्व ध्यानात आले आणि शिसे, जस्त व तांबे यांच्या गंधकयुक्त खनिजांसाठी फेनप्लवनाचे कारखाने भराभर उभे राहिले. ती खनिजे स्वभावतःच पाण्याशी फटकून वागणारी, म्हणून काम सोपे. लोहाचे ऑक्साइड मात्र पाणीप्रिय. हेमॅटाइटाचा, म्हणजे लोहाच्या तांबड्या ऑक्साइडाचा, कण पाण्यात पडला की त्याच्या अंगावर पाण्याचे कवच बसते आणि बुडबुडा शेजारून निघून जातो. हे कवच हटविल्याशिवाय लोखंड वर येणार नाही, आणि ते हटविण्याचे काम साबणासारख्या मेदाम्लांनी होऊ शकते, हे उमगून त्यावर मोठे कारखाने चालविण्यास विसाव्या शतकाचे मध्य उजाडले. मिशिगनमधील हंबोल्ट खाणीवर १९५४ साली मेदाम्लांच्या साहाय्याने हेमॅटाइट तरंगविण्यास प्रारंभ झाला.

ताक घुसळताना लोणी कसे येते हे ज्याने पाहिले आहे त्याला हे शास्त्र परके वाटू नये. आमची आजी रवी धरण्यापूर्वी डेऱ्यात बोट घालून पाही. उन्हाळ्यात गार पाण्याचा, हिवाळ्यात कोमट पाण्याचा तांब्या ओती, आणि मग थोडा वेळ काहीच न करता बसून राही. घुसळताना जो फेस येतो, त्याच्या बुडबुड्यांभोवतीच स्निग्धाचे कण गोळा होत जातात. विरजण नीट लागले नसेल, किंवा ताक फार तापले वा फार गारठले असेल, तर तासभर रवी ओढूनही वर येतो तो नुसता फेस.

लोहाच्या बाबतीत या बसून राहण्याचे चार-पाच कायदे आहेत, आणि ते मी पुस्तकातून शिकलो त्याहून अधिक एका खनिज-प्रयोगशाळेत झालेल्या फजितीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी तेथे पाहुणा म्हणून गेलो असता, मला प्रयोग दाखविण्याच्या उत्साहात एका तरुण साहाय्यकाने हेमॅटाइटाचा दळलेला लाल राब यंत्राच्या पेटीत ओतला, ओलेएटचे, म्हणजे ओलेइक आम्लाच्या साबणाचे, थेंब टाकले आणि लगोलग हवेची तोटी उघडली. पांढरट, पोकळ, साबणाच्या पाण्यावर यावा तसा फेस उसळला, काठावरून सांडला, आणि बशीत विरून गेला. लोखंड तळाशी होते. तेथील वयस्क तंत्रज्ञाने काही न बोलता पेटी रिकामी केली, नवा नमुना घेतला, आणि या खेपेस प्रथम सोडियम सिलिकेट टाकून बारीक चिखल पसरवून काढून टाकला, कारण हा चिखल दुहेरी चोर आहे: तो मोठ्या कणांच्या अंगावर बसून त्यांची त्वचा झाकतो, आणि आपल्या अवाढव्य पृष्ठभागावर सारे औषध पिऊन टाकतो. मग त्यांनी उरलेला राब पिठल्यासारखा घट्ट ठेवला, शंभर भागांत साठाहून अधिक भाग घन, जेणेकरून कण एकमेकांवर घासावेत आणि औषध पाण्यात न भटकता त्यांच्या अंगी लागावे. सोडा घालून सामू आठच्या आसपास आणला. त्यानंतर ओलेएट, आणि त्यानंतर घड्याळ लावून जोरात ढवळणे. मी तोटीकडे पाहिले, तेव्हा ते म्हणाले, “हवा शेवटी. सगळ्यात शेवटी.”

पाच मिनिटे पुरी झाल्यावर त्यांनी राब पाण्याने पातळ केला व तोटी उघडली. वर आलेला फेस जांभळट लाल, दाट, आणि इतका जड होता की तो काठावरून वाहण्याऐवजी ओघळत होता. बोटावर घेतला तर बुडबुडे फुटून कणांचा रवाळ लेप मागे राहिला, आणि त्याला कपडे धुण्याच्या दगडासारखा वास होता. साहाय्यकाने विचारले की दहा मिनिटे ढवळले तर दुप्पट येईल का. तंत्रज्ञाने तेही करू दिले, अर्धा तास. फेस आला, पण त्यात रेती आली आणि लोखंड घटले: कणांचे जमलेले पुंजके अतिढवळण्याने फुटले होते. खळ जळण्याचाच हा प्रकार.

पाण्याची गोष्ट राहिली. आमच्या पूर्वेकडील गावांतल्या कित्येक विहिरींचे पाणी जड आहे. त्यात तुरीची डाळ शिजत नाही आणि साबणाचा फेस होत नाही. त्यातला चुना ओलेएटाचेही दही करून टाकतो, आणि वर त्या चुन्याचा लेप गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, कणांवर बसून जी रेती तळी राहावयाची तिलाच तो तरते करतो. कागदी लोकांनी नदीच्या वाहत्या पाण्याचा आश्रय का धरला असावा याचा विचार करताना मला ही रेती आठवते.

पुढे या विद्येने एक पलटी घेतली, आणि तेथे आपली खळ येते. लोखंड जास्त आणि गार कमी, असे धातुक असेल तर जास्तीला तरंगविण्यापेक्षा कमीला तरंगविणे किफायतीचे, हे ओळखून गारेचे कण अमाइन नावाच्या द्रव्याने वर आणावयाचे आणि लोखंडाला तळी थोपवून धरावयाचे, अशी उलटी पद्धत रूढ झाली. लोखंडाला थोपविते कोण? मक्याचे किंवा तत्सम स्टार्च. स्टार्चचे लांब रेणू हेमॅटाइटाच्या अंगाला चिकटून त्याला पाणीप्रिय ठेवतात, गारेला मात्र फारसे धरीत नाहीत. पण कोरडे पीठ टाकून भागत नाही. ते कॉस्टिक सोड्यात शिजवून त्याची पारदर्शक खळ करावी लागते, ती राबात घालून, सामू दहाच्या वर ठेवून, लोखंडाच्या अंगी लागण्यास अवधी द्यावा लागतो, आणि मगच अमाइन. हा क्रम उलटला तर अमाइन लोखंडालाही धरते आणि खळीला जागा उरत नाही. मिशिगनच्या टिल्डन खाणीवर १९७४ पासून स्टार्चने लोखंडाचे सूक्ष्म कण एकत्र बांधून गार अमाइनने तरंगविली जाते. जुन्नरच्या कागद्याने शाईला थोपविण्यासाठी जे तावाला लावले, तेच तेथे लोखंडाला बुडबुड्यापासून थोपविण्यासाठी लावले जाते. आणि गुठळीचे भय दोन्हीकडे सारखेच.

आपल्या बाजूचे वृत्त थोडक्यात आटोपतो. सह्याद्रीच्याच रांगेत, कर्नाटकातील कुद्रेमुख येथे, हलक्या प्रतीच्या मॅग्नेटाइटाचा मोठा प्रकल्प १९८० च्या सुमारास सुरू झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २००५ अखेर तेथील खाण बंद झाली; मागे लाख्या धरणाआड साठलेला गाळ राहिला. गोव्यात आणि वेंगुर्ल्याजवळ रेडीला धातुक धुण्यावरच भर राहिला, आणि त्या धुण्याचा तांबडा गाळ डिचोली-सांग्याच्या शेतांत उतरल्याची तक्रार तेथील शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे केली. महाराष्ट्राचे खरे लोहधन पार पूर्वेस, चंद्रपूरच्या लोहाऱ्याला आणि गडचिरोलीच्या सुरजागडला. खाणींचे केंद्रीय खाते, भारतीय खाण ब्यूरो, १९४८ साली निघाले, आणि त्याचे मुख्यालय नागपुरास आहे. सोपे, श्रीमंत धातुक सरत जाईल तसतसे सूक्ष्म आणि गरीब धातुक दळावे लागेल, आणि वजनाची निवड संपून त्वचेची निवड सुरू होईल, हे उघड आहे. पण प्रांत जुन्नरला त्याच्याशी कर्तव्य नाही. येथे डिंभे धरणाखाली जुने आंबेगाव बुडाले, वाळूचे लिलाव झाले, आणि मीनेच्या पात्रात चुंबक फरफटावे अशा काळ्या रेघा आता हुडकाव्या लागतात.

गेल्या कार्तिकात जुन्नरच्या कुंभारवाड्यात एका ओसरीवर बसलो होतो. म्हाताऱ्या कुंभाराने रात्री पाण्यात घातलेल्या गेरूचे तीन डेरे ओळीने मांडले होते. गेरू म्हणजे पुन्हा हेमॅटाइटच, चिकणमातीत कालवलेले. हाच तांबडा लेप सातवाहनांच्या खापरांवर असतो, आणि शिवनेरीच्या उतारावर पावसानंतर तशी खापरे अजून मिळतात. त्याने पहिल्या डेऱ्याच्या काठाला कान लावल्यासारखे डोके टेकवून पाण्यावर तिरपी नजर टाकली, दुसऱ्यातले वरचे तांबडे पाणी फडक्यातून अलगद गाळून घेतले, तळाची रेती अंगणात फेकली, आणि तिसऱ्या डेऱ्याला हात लावला नाही. माठ वाळून तयार होते, पलीकडे आवा रचून ठेवला होता, मुलगा चिंध्यांचा बोळा घेऊन उभा होता. मी म्हटले, बाबा, हाही निवळलेला दिसतो की.

“दिसतोय,” तो म्हणाला, “पण जड अजून वाटेत हाय.” आणि तंबाखूची चंची सोडून तो डेऱ्याशेजारीच बसला.